कार्बनचे दोन भाव

सुरतेत कार्बनला दोन भाव आहेत. महिधरपुऱ्याच्या हिरा बाजारात तो पांढऱ्या कागदाच्या घडीत असतो. इथले लोक त्या घडीला पडीकुं म्हणतात. माणसं भर रस्त्यात स्कूटरच्या सीटवर बसून ते पडीकुं उलगडतात, भिंग डोळ्याला लावतात, ओठ मुडपतात आणि ती घडी परत मिटून खिशात टाकतात. जगात पैलू पडणाऱ्या दहा हिऱ्यांतल्या नऊंना ते सुरतेत पडतात, असं इथला चहावालासुद्धा सांगेल. आमच्या उधन्यात मिस्त्रीकडेही कार्बन पुडीतच मिळतो. पुडी कालच्या पेपरची असते आणि जोडीचे ऐंशी रुपये पडतात.

हिरा आणि ग्राफाइट हे दोन्ही कार्बनच, हे मला अमळनेरच्या शाळेत सांगितलं गेलं होतं. मी ते परीक्षेत लिहिलंही होतं. पण सुरतेत अडतीस वर्षं काढूनही पहिल्या प्रकारचा कार्बन घरात आणायचा योग आला नाही. ही अजून त्या विषयावर बोलते. दुसऱ्या प्रकारचा मात्र गेल्या तीन वर्षांत चार वेळा आणला.

झालं असं की, २०२१ साली महाराष्ट्र सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि ती बातमी जळगावच्या आमच्या साडूंनी वाचली. साडू नुकतेच निवृत्त झाले होते. निवृत्त माणसाच्या हातात पेपर देताना घरच्यांनी तो आधी एकदा चाळावा, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे. महिन्याभरात त्यांनी आणि मी मिळून एक जुनी डिझेल मिनीबस घेतली. मॉडेल २००६चं. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढं जे घडलं त्यात त्या बिचारीचा काडीइतका दोष नाही. सचिनच्या औद्योगिक वसाहतीत तिन्ही पाळ्यांचे कामगार ने-आण करून ती थकली होती. आम्ही तिच्या सीटा काढल्या आणि तिच्यात घर बसवलं. गाडीत असे बदल करायचे तर मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे आरटीओची परवानगी लागते. ती कशी मिळाली, ते दुसऱ्या एखाद्या दिवाळी अंकासाठी राखून ठेवलं आहे.

घर बसवताना प्रत्येकानं आपापली मागणी मांडली. हिला दोन शेगड्यांचा ओटा, मिक्सर आणि छोटंसं देवघर हवं होतं. मेहुणीला फ्रीज. साडूंना डोक्याशी वाचायचा दिवा. साडूंचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. त्याला छताला निळ्या रंगाची एलईडीची पट्टी हवी होती. पाण्याची मोटर, दोन पंखे, मोबाइलची सहा चार्जिंगं. ह्या सगळ्याला वीज कुठून येणार, हे एकानंही विचारलं नाही. वीज भिंतीतल्या भोकातून येते, अशीच आपली सगळ्यांची समजूत असते. आम्ही भिंतीला भोकं पाडून घेतली होती.

वीज येत होती ती बोनेटखालून, पट्ट्याला लोंबकळणाऱ्या नारळाएवढ्या एका यंत्रातून. त्याचं खरं नाव अल्टरनेटर. उधन्यात ते नाव उच्चारलं तर समोरचा ‘कुणाकडे काम आहे?’ असं विचारतो. इथं तो डायनामो. खरं तर डायनामो मोटारींतून जाऊन जमाना झाला. १९६० साली क्रायसलरनं व्हॅलियंट गाडीत सर्रास अल्टरनेटर बसवायला सुरुवात केली आणि हळूहळू सगळ्या जगानं तेच केलं. पण मिस्त्री लोकांचं म्हणणं असं की वस्तू बदलली म्हणून नाव कशाला बदलायचं? आपणही कुठल्याही कंपनीच्या वनस्पती तुपाला डालडाच म्हणत आलो.

मला स्वतःला डायनामो हा शब्द प्यारा आहे, तो सायकलमुळे. पूर्वी सायकलच्या टायरला घासणारा बाटलीसारखा डायनामो असायचा, सहा व्होल्ट, तीन वॅटचा. अंगठ्यानं खटका दाबला की तो टायरला चिकटे आणि घुर्रर्र करी. अमळनेरात प्रताप कॉलेजकडून रात्री घरी येताना उतारावर त्याचा उजेड असा पडे की कुत्रीही बाजूला होत. चढ लागला, पाय मंदावले, की उजेड काजव्याएवढा. म्हणजे खड्डे नीट दिसावेत अशी गरज जिथं, तिथंच दिवा मान टाकी. ही गोष्ट मी पन्नास वर्षं नुसती आठवण म्हणून सांगत होतो. तिच्यात पुढं माझे चौदाशे रुपये वाचवण्याइतकं शास्त्र होतं, हे कळायला सापुताऱ्यापर्यंत जावं लागलं. तिकडं नंतर येतो.

पहिला प्रसंग आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा. खानदेशी माणूस दिवाळीला एक वेळ घरी जाणार नाही, पण आखाजीला जाणार. आम्ही दोन्ही कुटुंबं गाडी घेऊन अमळनेरला गेलो, मांडे खाल्ले, झोके घेतले (मी फक्त ढकलले) आणि चार दिवसांनी सुरतेकडे परत निघालो. फ्रीजमध्ये दोन मोठे डबे आमरस.

नवापूरच्या रेल्वे स्टेशनातून दोन राज्यांची हद्द जाते. तिथलं एक बाकडं अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, लोक त्यावर बसून फोटो काढतात. आम्हीही काढले. परत गाडीत बसून निघालो आणि हिनं विचारलं, “अहो, हे लाल काय पेटलंय?”

“बॅटरीचं चित्र आहे,” मी म्हणालो. “बॅटरी आहे, असं सांगतंय.”

“इतके दिवस सांगत नव्हतं ते?”

बायकांच्या ह्या प्रश्नांना उत्तर नसतं. दुपारचे तीन वाजले होते, सुरत शंभराहून जास्त किलोमीटर दूर होती. सोनगडला एका ढाब्यावर गाडी लावली. इंजिन बंद करणार तेवढ्यात शेजारच्या टँकरचा ड्रायव्हर ओरडला, “बंद मत करो!” त्यानं लांबूनच लाल दिवा पाहिला होता. पाच मिनिटांत बोनेटभोवती सात माणसं जमली आणि सात निदानं झाली. बॅटरी गेली. पट्टा ढिला. वायर कट. पाणी कमी. एकानं नजर लागल्याचं सांगितलं आणि लिंबू-मिरची कुठं मिळेल तेही सांगितलं. ढाब्याचा मालक नुसतं “थई जशे” म्हणाला. हे गुजरातचं सर्वात मोठं औषध आहे. होऊन जाईल. काय होऊन जाईल ते सांगत नाहीत.

टँकरवाला तेवढा शहाणा. त्यानं सांगितलं ते असं: ही जुनी डिझेल आहे. हिला ठिणगी लागत नाही. पंप आपल्या जोरानं डिझेल ढकलतो, सिलिंडरमधली हवा दाबून इतकी तापते की डिझेल आपोआप पेटतं. वीज फक्त सेल्फला, दिव्यांना, हॉर्नला आणि वायपरला. तेव्हा एकदा चालू झालेलं इंजिन बंद न करता, सगळी बटणं बंद करून, दिवस मावळायच्या आत घर गाठा. आजकालच्या कॉम्प्युटरवाल्या गाड्या अशा वेळी दहा-वीस किलोमीटरमध्ये राम म्हणतात. “ये बूढी है, चली जायेगी,” असं म्हणून त्यानं बोनेटवर थाप मारली. सगळी बटणं बंद करायची म्हणजे फ्रीजही बंद.

मे महिना तोंडावर, बाहेर चाळीसच्या वर पारा, आणि दोन डबे आमरस. मेहुणी म्हणाली, टाकायचा नाही. अमळनेरचा आंबा, आईच्या हातचा रस. वाट्या काढल्या. व्यारापर्यंत पहिला डबा संपला. बारडोलीला, जिथं १९२८च्या सत्याग्रहानं वल्लभभाईंना सरदार केलं, तिथं आम्ही दुसऱ्या डब्याचा निर्धारानं मुकाबला करत होतो. साडू तर पुढं पुढं वाटी घेईनात, डोळे मिटून डब्यालाच तोंड लावीत होते. सुरतेत जेवावं आणि काशीत मरावं, अशी गुजरातीत म्हण आहे. आम्ही सुरतेला पोचायच्या आधीच दोन्हींच्या मधोमध कुठंतरी होतो.

आमरसानं नव्हे, हॉर्ननं खरी परीक्षा घेतली. गुजरातच्या महामार्गावर हॉर्नशिवाय जाणं म्हणजे लग्नात मुकं जाणं. कडोदऱ्याच्या चौकात संध्याकाळची गर्दी, चारी बाजूंनी ट्रक, कापडाचे तागे लादलेले टेंपो, रिक्षा. इंजिन बंद करायचं नाही. शेवटी साडू खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आले आणि दोन लिटर आमरसाच्या जोरावर “ओ भाई! ओ भाईऽऽ!” असं ओरडू लागले. माणसं हॉर्नला हटत नाहीत, पण साडूंना हटली. एका रिक्षावाल्यानं वळून पाहिलं आणि खास सुरती शिवी दिली. सुरतेत शिवी ही राग आल्याशिवायही देतात, त्यामुळं तिचा कोणता प्रकार होता ते कळलं नाही.

दिवेलागणीला उधन्यात मिस्त्रीच्या दुकानापाशी आलो. हा मिस्त्री मूळचा शिंदखेड्याकडचा. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली ह्या भागात हाक मारली तर निम्मी माणसं अहिराणीत ओ देतात. तो शटर अर्धं ओढून जेवायला निघाला होता.

“काय व्हयनं भाऊ?”

सांगितलं. त्यानं लाल दिव्याकडं पाहिलं, बोनेटकडं पाहिलंही नाही. “मी जेवीसन येस. तवलोंग चालू राहू द्या.” आणि गेला. आम्ही पाऊण तास धगधगत्या गाडीत बसून त्याच्या जेवणाची वाट पाहिली. आमच्या जेवणाचा प्रश्न नव्हता.

आला तो दात कोरत. मग त्यानं जे केलं ते मी जवळून पाहिलं म्हणून सांगतो. आधी गाडी बंद करायला लावली. पाच तासांनी ती शांतता इतकी अंगावर आली की मेहुणीनं “काय झालं?” म्हणून विचारलं. मग चावी अर्धी फिरवून ठेवायला सांगितली, नुसता लाल दिवा पेटेल इतकी. खिशातून एक लांब पेचकस काढला आणि डायनामोच्या पुलीपाशी नेऊन सोडून दिला. पेचकस खाली पडला. त्यानं तो उचलला, पुन्हा नेला, पुन्हा पडला. “पाह्यं?” तो म्हणाला.

आम्हाला काहीच दिसलं नव्हतं. दिसायला हवं होतं ते असं. डायनामोच्या पोटात एक भोवरा असतो, रोटर. त्याच्यावर तारेची गुंडाळी असते. चावी फिरवली की बॅटरीतून थोडा करंट त्या गुंडाळीत जातो आणि भोवऱ्याचं लोहचुंबक होतं. ते चुंबक फिरलं की भोवतालच्या तारांत वीज तयार होते. हे फॅरडेनं १८३१ साली दाखवून दिलं, आणि मिस्त्रीनं त्या रात्री पेचकसानं. पेचकस चिकटला नाही, म्हणजे चुंबक झालं नाही, म्हणजे भोवऱ्यापर्यंत करंट पोचतच नाही. आता फिरणाऱ्या भोवऱ्याला करंट पोचवणार कोण? तर दोन कार्बन. मागच्या बाजूनं स्प्रिंगच्या जोरावर ते भोवऱ्याच्या तांब्याच्या कड्यांवर टेकलेले असतात आणि जन्मभर घासत राहतात.

मागचे दोन स्क्रू काढून त्यानं कार्बन माझ्या तळहातावर ठेवले. नवे असताना बोटाच्या पेराएवढे असतात. हे मसुराच्या डाळीएवढे उरले होते. “डायनामो चांगला शे,” तो म्हणाला. “कार्बन घसाई ग्यात.” पेपरची पुडी उलगडली, नवी जोडी टाकली, लाल दिवा विझला. ऐंशी रुपये कार्बनचे, शंभर मजुरीचे. तोवर भाच्यानं जळगावहून फोनवर नऊ हजारांचा नवा डायनामो शोधून ठेवला होता. मिस्त्रीनं जाताना डबे पाहिले आणि विचारलं, “आमरस नही उरना का?”

त्या रात्रीपासून मी तज्ज्ञ झालो. सोसायटीत कुणाची गाडी सुरू झाली नाही की मी पेचकस घेऊन खाली जाई. बाकीच्या गाड्यांत पुलीपर्यंत पेचकस पोचतच नाही, हे कळल्यावर तज्ज्ञपणा थोडा ओसरला. पण खऱ्या अर्थानं माझी जिरवली ती भाच्यानं, दुसऱ्या प्रसंगात.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तो आला आणि त्यानं गाडीचा पुढचा डॅशबोर्ड ‘सुधारला’. पिवळट बल्ब काढून सगळीकडं पांढरेशुभ्र एलईडी टाकले. लाल चार्जिंगच्या बल्बच्या जागीही. गाडी नवरीसारखी दिसू लागली आणि चार्जिंग बंद पडलं. म्हणजे पूर्ण बंदही नाही. इंजिन जोरात रेस केलं की कधी कधी सुरू व्हायचं. हे ‘कधी कधी’ असलं ना, की माणूस वेडा होतो. मिस्त्री गावाला गेलेला. मी दुसऱ्याकडं गेलो, त्यानं डायनामो गेला असं सांगितलं. मग स्पेअर पार्टच्या गल्लीतून ‘नवा’ आणला. खोक्यात होता, चंदेरी रंग ताजा होता, इतका ताजा की हाताला लागला. बिल करताना दुकानदारानं माझं नाव वाचलं, मराठी आहे हे ओळखलं आणि हसून म्हणाला, शिवाजी महाराज १६६४ला आले, १६७०ला आले, आता तिसऱ्यांदा तुम्ही आलात. मी आकडा पाहिला. दोन्ही वेळची बाकी त्यानं माझ्याच नावावर धरली होती.

नवा बसवला. तरी चार्जिंग नाही. तो परत करून आणखी एक आणला. तरी नाही. आठव्या दिवशी शिंदखेड्याहून आमचा मिस्त्री आला, चावी फिरवली, डॅशबोर्ड पाहिला आणि विचारलं, “हाई कोनी लावं?”

तो लाल बल्ब नुसता तक्रार करायला ठेवलेला नसतो. भोवऱ्याला चुंबक करणारा सुरुवातीचा करंट त्याच्याच तारेतून जातो. दोन-तीन वॅटचा जुना बल्ब पुरेसा करंट जाऊ देतो. एलईडी इतकी काटकसरी की ती थेंबही सोडत नाही. म्हणून डायनामो बसून राहिला, त्याला कुणी उठवलंच नाही. जोरात रेस केल्यावर लोखंडात शिल्लक उरलेल्या चुंबकावर कधी कधी तो आपणहून जागा व्हायचा, तेवढंच. दहा रुपयांचा जुना बल्ब परत लावला. काम झालं. भाच्याला मी काही बोललो नाही. त्याच्या आईसमोर काय बोलणार.

माझा जुना, बिनदोष डायनामो मात्र मिस्त्रीनं पिशवीत घालून परत दिला आणि तो आमच्या गॅलरीत तुळशीशेजारी राहायला आला.

आता सापुतारा. साडूंनी कुठंतरी वाचलं की शिशाच्या बॅटऱ्या जुन्या झाल्या, आता लिथियम घ्यावी. वजन निम्म्याहून कमी आणि शेवटपर्यंत दम. घरच्या भागासाठी त्यांनी एक मोठी लिथियम बॅटरी आणली आणि भाच्यानं ती जाड वायरनं थेट डायनामोला जोडली. सापुताऱ्याला तळ्याजवळ मुक्काम झाला. रात्रभर फ्रीज, पंखे, निळी पट्टी. सकाळी हिनं इन्व्हर्टरवर मिक्सर लावून शेवभाजीचं वाटण केलं. खानदेशी वाटण म्हणजे खोबरं, कांदा, लसूण, भाजलेला काळा मसाला, तीन वेळा फिरवायचं. पाचशे वॅटचा मिक्सर बारा व्होल्टवर चालवायचा तर साधारण बेचाळीस अँपियर लागतात, इन्व्हर्टरची गळती धरून पन्नासच्या घरात. बॅटरी उतरली. साडू म्हणाले, गाडी तासभर उभ्या-उभ्या चालू ठेवू, भरून जाईल.

इथं मला अमळनेरचा चढ आठवायला हवा होता. डायनामोवर ६५ अँपियर लिहिलेलं असतं ते पळत्या गाडीचं. उभ्या गाडीत, मंद फिरताना, तो त्याच्या निम्मंही देत नाही, आणि त्याला गार ठेवणारा पंखा त्याच्याच दांड्याला असल्यामुळं तोही मंदच फिरतो. शिशाची बॅटरी जुन्या वळणाची पाहुणी. पोट भरत आलं की ताटावर आडवा हात धरते, “पुरे, पुरे” म्हणते. लिथियमला तो संस्कार नाही. जेवढं वाढाल तेवढं ती शेवटच्या घासापर्यंत त्याच वेगानं ओढते. वाढणारा एकटा, तापलेला, पंखा नाही. पन्नासाव्या मिनिटाला खमंग वास आला.

“वाटण करपलं वाटतं,” मेहुणी म्हणाली.

“शेगडी बंद आहे,” ही म्हणाली, आणि चौघांनी एकदम बोनेटकडं पाहिलं.

सापुताऱ्याहून सुरत परत हॉर्नशिवाय. साडूंना आता घाटातही ओरडायची सवय झाली होती. एक भीती मात्र नवी होती. आमच्या गाडीत डायनामोच्या शेपटालाच ब्रेकचा व्हॅक्यूम पंप जोडलेला आहे. डायनामो फिरायचा थांबला तर ब्रेक दगडासारखा होतो. सुदैवानं जळाल्या होत्या त्या तारा, दांडा फिरत होता. मी घाटभर पट्ट्याच्या आवाजाकडं कान लावून बसलो होतो. इतक्या भक्तिभावानं मी देवळातही बसलेलो नाही.

मिस्त्री ह्या वेळी म्हणाला, ह्याचं काम माझ्याकडं नाही, पांडेसऱ्याला जा. आणि माझ्या मते सुरतेची खरी श्रीमंती मी त्या पांडेसऱ्याच्या गल्लीत पाहिली. ज्या शहरात लाखो माग चालतात तिथं मागांच्या मोटरी जळतात, आणि जळलेल्या मोटरी पुन्हा गुंडाळणारी माणसं गल्लोगल्ली बसलेली असतात. आमचा वाइंडिंगवाला ओडिशातल्या गंजाम जिल्ह्याचा. गंजामची कितीतरी माणसं इथं मागांवर आहेत, हा मोटरींवर. दहा बाय दहाची खोली, भिंतीवर तांब्याच्या तारेची रिळं, वार्निशचा उग्र वास, आणि कोपऱ्यात जळक्या तांब्याचा ढीग, वजनावर विकायला ठेवलेला.

त्यानं आमचा डायनामो हातात घेऊन फिरवला. “साहब, ये तो टेबल फॅन है,” म्हणाला. चोवीस तास चालणाऱ्या मागाच्या मोटरी हाताळणाऱ्याला बारा व्होल्टचं खेळणं दाखवताना मला उगीच ओशाळल्यासारखं झालं. त्यानं बाहेरचा लोखंडी गाळा काढला. आतल्या कडेला छत्तीस खाचा, त्यांत काळीठिक्कर तार. एक गुंडाळी न तोडता हळूहळू उकलली, ओठांतल्या ओठांत वेढे मोजले, तारेची जाडी मायक्रोमीटरनं पाहिली आणि आकडे भिंतीवर खडूनं लिहिले. वहीबिही नाही. त्या भिंतीवर कुणाकुणाच्या मोटरींचे वेढे लिहिलेले होते. मग नवी तार, लाकडी फिरकीवर गुंडाळून, खाचेत कागद घालून, बोटांनी दाबत दाबत बसवली. तीन फेजा, प्रत्येकीचं टोक वेगळ्या रंगाच्या नळीत. बोटं इतकी सावकाश चालत होती की मला वाटलं दिवस जाईल. दीड तासात झालं. छत्तीसचा आकडा म्हणजे भांडण असं आपण म्हणतो. ह्या छत्तीस खाचांत एक तार दुसरीला चुकूनही शिवली नव्हती. वार्निशमध्ये बुडवून, भट्टीत वाळवून दोन दिवसांनी मिळाला. चौदाशे रुपये. गाळा परत हातात देताना त्यानं विचारलं, “इसपे क्या चलाते हो?”

“मिक्सर,” मी म्हणालो.

त्यानं शेजारच्याला ओडियात काहीतरी सांगितलं आणि दोघं बराच वेळ हसले.

आता लिथियम आणि डायनामोच्या मध्ये एक डबा बसवला आहे. तो तीसच्या वर एक अँपियर तिला घेऊ देत नाही, म्हणजे ताटावर आडवा हात धरायचं काम त्याच्याकडं दिलंय. डॅशबोर्डवर तीनशे रुपयांचं व्होल्टमीटर आहे. गाडी चालू असताना ते चौदाच्या आसपास दिसलं की मी नीट चालवतो. तेराच्या खाली आलं की साडूंना खिडकीजवळ बसवतो. दर पंधरवड्याला पट्टा अंगठ्यानं दाबून पाहतो, बोटभर दबला तर ठीक. इंजिनाला जाणारी अर्थिंगची जाड वायर पुसून आवळतो, कारण मिस्त्री म्हणतो की डायनामोवर फोडलेली निम्मी खापरं त्या वायरची असतात. व्हॅक्यूम पंपाच्या सीलमधून ऑइल झिरपून डायनामोच्या पोटात जातं, तिथं हात लावून बोट काळं झालं का पाहतो. आणि गाडी चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘डायनामो देतोय का बघू’ म्हणणारा कुणी जवळ आला तर त्याला चहा पाजून लांब नेतो. त्या एका झटक्यात आतले डायोड उडतात. तीन वर्षांचा हिशेब केला तर खऱ्या बिघाडावर माझे पंधराशे नव्वद रुपये गेले आणि डायनामोवर संशय घेण्यात साडेअकरा हजार.

गेल्या महिन्यात कतारगामला एका जुन्या मित्राकडं गेलो होतो. तो हिऱ्याची दलाली करतो. त्याच्यासमोर खिशातून रुमाल काढताना पेपरची पुडी पडली आणि माझे जादा कार्बन फरशीवर घरंगळले. त्यानं ते उचलले, सवयीनं डोळ्याला भिंग लावलं, दोन्ही बाजूंनी पाहिले. “रंग सारो नथी,” म्हणाला. मग ड्रॉवरमधून एक कोरं पांढरं पडीकुं काढून त्यात ते नीट घडी घालून दिले.

ते आता आमच्या कपाटाच्या लॉकरमध्ये हिच्या मंगळसूत्राशेजारी आहे. कधी चोरी झालीच आणि ते पडीकुं कुणी उचललंच, तर त्याला एवढीच विनंती की भिंग लावण्यात वेळ घालवू नये. बारा व्होल्टचे आहेत, चोवीसच्या ट्रकला चालणार नाहीत.